पावणा

घराचा समोरचा देखावा काढला, की दारापाशी एक माणूस उभा करायचा, अशी गणपतरावांच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात पद्धत होती. दहा फुटांची भिंत म्हटलं तर गिऱ्हाइकाच्या डोक्यात काही शिरत नसे. शेजारी माणूस दिसला, की घर केवढं ते लगेच कळायचं. या माणसाला ऑफिसात सगळे ‘पावणा’ म्हणत. पावणं उभं केलंस का, असं विचारल्याशिवाय गणपतराव नकाशावर सही करत नसत.

पावणा काढला होता तिथंच काम करणाऱ्या प्रसेनजीतनं. कॉम्प्युटरवर घरं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण माणूस काही केल्या जमेना. शेवटी वडिलांचा फोटो समोर ठेवून त्यानं तो गिरवला. वडील, बाबासो, गवंडी होते. डोक्याला टॉवेल, हातात ओळंबा. कोडोलीतल्या स्वतःच्या घरावर माडी चढवायची राहिली आणि ते गेले. आता प्रत्येक नकाशात ते लोकांच्या दारात उभे असत, आणि प्रसेनजीतला त्यात बरं वाटायचं.

दोन हजार एक साली त्यानं आणखी एक करामत केली. घर किती लहान करून कागदावर बसवायचं, ते प्रमाण तोवर जो तो कॅल्क्युलेटरवर काढायचा आणि हमखास चुकायचा. प्रसेनजीतच्या नव्या प्रोग्रामला हे सांगावंच लागत नसे. नकाशातलं सगळं तो या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचा आणि कागदात मावेल असं प्रमाण आपलं आपण ठरवायचा. साध्या घराला एकास पन्नास, म्हणजे कागदावर घर खऱ्याच्या पन्नासाव्या भागाएवढं. गडी इतका खूश, की जेवतानाही त्याचंच कौतुक सांगायचा.

मग त्यानं कोडोलीच्या घराची माडी काढायला घेतली. आई अंजना तिथं दम्यानं अंथरुणाला खिळली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत माडी व्हावी एवढीच त्याची इच्छा होती. नकाशा छापला, तर घर काडेपेटीएवढं. प्रोग्रामनं एकास पाचशे ठरवलं होतं. गणपतरावांनी यथेच्छ टिंगल केली. प्रमाण एवढं लहान, म्हणजे नकाशात घरापासून लांब कुठंतरी काहीतरी पडलेलं असणार. प्रसेनजीतनं शोधलं, तर कोऱ्या जागेत, पार दूर, पावणा उभा. आपण तर तो अजून ठेवलाच नव्हता. हात चुकून लागला असेल, म्हणत त्यानं पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी एकास चारशे आलं. पावणा परत होता, जरा अलीकडं.

त्याच दुपारी संघप्रियाचा, त्याच्या बहिणीचा, फोन आला. आई जेवत नाही, श्वास लागलाय, आणि दार लावू देत नाही म्हणाली. सारखं एकच बोलते, तुझं बाबा चालत येत्यात.

प्रसेनजीतनं पडद्यावरच्या पावण्याकडं बघितलं. आणि पुन्हा पुसून टाकला. पुढच्या वेळी एकास दोनशे, मग एकास शंभर. घर कागदावर दरवेळी मोठं होत होतं, आणि त्या मानानं आई खंगत होती. प्रोग्राम चुकत नव्हता. अंतर किती उरलंय, तेवढंच तो इमानानं सांगत होता.

अखेर एका सकाळी एकास पन्नास आलं. कागद भरून घर, रेघ न् रेघ जागेवर. झाला बघ दुरुस्त तुझा प्रोग्राम, म्हणत गणपतरावांनी पाठ थोपटली. प्रसेनजीत दाराकडं बघत होता. पावण्याचा एक पाय उंबऱ्यात होता.

मग मात्र त्यानं सगळे नकाशे जिथून पावणा घेत, त्या मूळ साठ्यातूनच तो काढून टाकला. वडिलांचा चेहरा पडद्यावरून जाताना त्याला रडू कोसळलं. गणपतरावांना काही न सांगता त्यानं कोडोलीची एसटी पकडली.

घरी आई खाटेवर उठून बसलेली. भात खाल्ला होता, श्वास लागत नव्हता. संघप्रियाला तर काय करू आणि काय नको असं झालेलं. प्रसेनजीतचा जीव भांड्यात पडला. तो आईजवळ टेकला, तेव्हा दिसलं, की रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

“तुझं बाबा आलतं,” ती म्हणाली. “एवढं लांबनं चालत आलतं. उंबऱ्यात पाय ठेवला आन् कुनीतरी पुसल्यागत न्हाईसं झालं.”

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्याची जीभ रेटेना.

“मी पुसलं, आई.”

ती रागावली नाही. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तशा आवाजात म्हणाली, “मग परत काढ की.”