पेटी तिची, किल्ली बाईंची

मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. मित्रांनो, याचा राग मानू नका. भोळं कुलूप कोणाच्या उपयोगाचं? संशय हाच माझा धंदा आहे आणि तो मी आजवर इमानेइतबारे केला आहे.

माझा जन्म अलिगढचा. तिथल्या एका बोळात मला ओतलं, कानशीनं घासलं, पोटात लिव्हर बसवले आणि किल्लीसकट खोक्यात भरलं. मेहकरच्या एका दुकानातून शेषरावांनी मला विकत घेतलं, ते बीबी गावातल्या त्यांच्या गोदामासाठी. तिथे मी सोयाबीन राखलं, तूर राखली. एका पावसाळ्यात चोरांनी माझ्यात पहार घालून पाहिली. अंगाला पोचा पडला, पण मी तोंड उघडलं नाही. शेषराव तो पोचा पाहुण्यारावळ्यांना कौतुकानं दाखवायचे. दसऱ्याला अवजारांबरोबर मलाही हळदकुंकू लागायचं आणि तेलाचा एक थेंब मिळायचा. तेवढ्यावर माझं वर्ष निघायचं.

पुढे शेषराव आणि त्यांच्या पत्नी कोकिळाबाई मेहकरला घर बांधून राहायला आले. बीबीचं शेत त्यांच्या सालगड्याच्या, म्हणजे दयारामच्या हवाली झालं. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला हा गडी. नव्या घराच्या दाराला आतल्या आत बसणारं कुलूप आलं आणि मी वाकडे खिळे नि संपलेले सेल यांच्या संगतीत एका खणात पडलो. बरीच वर्षं माझी कोणाला आठवणही झाली नाही.

गेल्या वर्षी होळी झाल्या झाल्या मेळघाटातून सुगरती नावाची कोरकू मुलगी घरकामाला आली. बसस्टँडवरून तिला दयारामच घेऊन आला. तिच्याजवळ एक हिरवी पत्र्याची पेटी होती. कोकिळाबाईंनी ती तिथल्या तिथे उघडायला लावली. आत दोन साड्या, एक फणी, लाल मण्यांची माळ, आधारकार्ड आणि तिच्या आईचा फोटो. पेटीचं चिमुकलं कुलूप बाईंनी काढून टाकलं, खणातून मला शोधून काढलं आणि पेटीला लावलं.

"हे मजबूत आहे," त्या म्हणाल्या. "किल्ली माह्याजवळ राहू दे. तू हरवशीन."

तिथेच मला संशय आला. ज्याचा माल त्याची किल्ली, एवढं एकच तत्त्व मी जन्मभर पाळलं होतं. इथे पेटी एकीची आणि किल्ली दुसरीच्या कमरेला!

त्या घरात मग सगळेच एकमेकांवर नजर ठेवून होते. बाई साखरेच्या डब्यात बोटानं रेघ ओढून ठेवायच्या. उशीखाली मुद्दाम एखादी नोट विसरायच्या आणि दाराआडून पाहायच्या. सुगरतीला साडी बदलायची असली, तर किल्ली घेऊन समोर उभ्या राहायच्या. शेजारणींना मात्र सांगायच्या, की पोरगी अगदी घरच्यासारखी आहे. मी त्या घरात इतकी वर्षं काढली, पण घरच्या कोणाच्या कपड्यांना मला कधी लावलेलं आठवत नाही.

सुगरती उजाडायच्या आत उठायची. झाडझूड, भांडी, कपडे, स्वयंपाक, आणि झोपण्याआधी बाईंचे गुडघे चोळणं. सुट्टीचं नाव काढलं की बाई म्हणायच्या, घरच्यांना कसली आली सुट्टी! पगाराचं विचारलं की शेषराव सांगायचे, सालाचे पैसे सालाला एकदम देऊ, हातात आले तर उडवून टाकशील. ते फसवायला बसले होते असं मी म्हणत नाही. त्यांनी जन्मभर माणूस सालानंच ठेवला होता, दुसरी रीत त्यांना सुचलीच नाही. पण दयारामला पाडव्याला आगाऊ रक्कम मिळायची, घरी ज्वारीची पोती जायची. हिच्या वाट्याला सालाचं नुसतं बंधन आलं. माझा संशय काही जाईना.

बघता बघता पुन्हा होळी आली. कोरकूंचा हा सगळ्यात मोठा सण. कामासाठी बाहेर पडलेला माणूस कुठेही असो, होळीला गावी परततोच. सुगरतीचं वर्ष होळीलाच पुरं होत होतं. तिनं ओले हात पदराला पुसत सांगितलं, की साल झालं, माझे पैसे द्या, मी घरी जाते.

शेषरावांनी पेपर बाजूला ठेवला. "साल पाडव्याले पुरं होते. मधातून गेली त साल बुडते."

ती म्हणाली, मी मागच्या होळीनंतर लगेच आले, तेव्हा वर्ष भरलं. ते म्हणाले, पाडव्याआधीचे दिवस धरत नसतात, ते काम शिकायचे. दोघांचीही वर्षं आपापल्या जागी खरी होती. फक्त पैसे एकाच्याच कपाटात होते. सुगरती म्हणाली, मग पेटी तरी द्या.

आता कोकिळाबाईंचं डोकं चालायला लागलं. पाडवा तोंडावर असताना सालभराचे पैसे सोडून कोण जाईल? नक्कीच पेटीत काहीतरी दडवलं असणार. किल्ली वर्षभर आपल्याच कमरेला होती, हे त्या साफ विसरल्या. दयाराम त्या दिवशी शेतावरून हरभरा घेऊन आला होता. त्यालाच साक्षीला बोलावलं आणि माझ्यात किल्ली फिरवली.

एकेक वस्तू फरशीवर आली. दोन साड्या, फणी, लाल मणी, आधारकार्ड, आईचा फोटो. बाईंनी पेटी उलटी करून ठोकली. गंजाचे चार कण पडले.

सुगरती खाली बसली आणि त्या वस्तूंकडे पाहत म्हणाली, "बाई, मी आली तवा पेटीत एवढंच होतं. आता बी एवढंच आहे. मंग सालभर मी कमावलं काय?"

बाईंनी दयारामला पेटी बंद करायला सांगितली. त्यानं साड्यांच्या घड्या घातल्या, सगळं जागेवर ठेवलं, मला लावलं. आणि किल्ली बाईंना न देता सुगरतीच्या तळहातावर ठेवली.

"मालक," तो म्हणाला, "येत्या पाडव्याले मलेही इचार करा लागीन."

शेषराव उठले. कपाट उघडलं आणि ठरलेले सगळे पैसे आणून तिच्या हातात दिले. पोरीचं बोलणं मनाला लागलं म्हणून दिले, की आजकाल सालगडी मिळत नाही म्हणून, ते मला ठाऊक नाही. माझा आपला संशय आहे.

पेटीबरोबर मीही मेळघाटात जाऊन होळी पाहून आलो. सुगरतीच्या घराला धड कडीसुद्धा नव्हती. मला तिथे फार अवघडल्यासारखं झालं. पाडव्यानंतर कोकिळाबाईंचा फोन आला, गुडघे फार दुखतात म्हणून. सुगरतीनं आधी आपल्या अटी सांगितल्या. मेहकरात इतर बाया घेतात तेवढा पगार, तोही महिन्याच्या महिन्याला, माझ्याच खात्यात. आठवड्यातला एक दिवस माझा. होळीला गावी जाणार. आणि किल्ली माझ्याजवळ राहील. बाईंनी "हाव" म्हणून सगळं कबूल केलं.

आता ती किल्ली काळ्या दोऱ्यात सुगरतीच्या गळ्यात असते. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की ती तो दोनदा वाचते. बाईंना राग येतो. "माह्यावर विश्वास नाही काय?" त्या विचारतात. "आहे ना, बाई," ती म्हणते आणि मेसेज तिसऱ्यांदा वाचते. ही मुलगी मला फार आवडते.

मित्रांनो, तुमच्याही घरी लांबच्या गावाहून कोणी कामाला आलं असेल. 'घरच्यासारखी' हा शब्द ऐकून भुलू नका. तिच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे, तेवढं जाऊन पाहा. माझी काळजी करू नका. मला दसऱ्याला तेलाचा एक थेंब दिला की वर्ष निघतं. पण मी कुलूप आहे. ती माणूस आहे.