डब्याची वाचा

“माझ्या लेकानं पाठवलेल्या वस्तूचं तोंड बांधणारी ही कोण?”

आक्का माझ्या पिठाच्या गिरणीच्या दारात उभी राहून ओरडली. गिरणी चालू होती, पट्टा फटाफट वाजत होता, तरी आतल्या बायांना शब्द न् शब्द ऐकू गेला. म्हातारीचा आवाजच तसा. डोळे अधू झाल्यापासून तर जास्तच चढलेला, कारण समोरचा माणूस किती लांब आहे ते तिला कळत नाही. हातभरावरच्या माणसाशीसुद्धा ती पलीकडच्या शेतात बोलल्यासारखी बोलते.

तिची सून तेवढ्यात रानातून येत होती. डोक्यावर गवताचा भारा, पदर घामानं पाठीला चिकटलेला, पायाला घोट्यापर्यंत धूळ. ती थबकली.

“काय झालं, आत्याबाई?”

“काय झालं? चार बायांत माझं नाक कापलं, आणि वर विचारते काय झालं!”

झालं होतं ते असं. आक्काचा एकुलता एक मुलगा शहरात एका गोदामात कामाला. मागल्या खेपेला आला तेव्हा आईसाठी बोलणारा डबा घेऊन आला. नारळाएवढा, गोल, काळा, वर दिव्याची कडी. त्याच्याशी बोललं की तो बोलतो. वेळ विचारा, हवा विचारा, गाणं म्हणायला लावा. डोळ्यांच्या मागचा पडदा गेलाय म्हणून डॉक्टरनी आक्काच्या बाबतीत हात टेकलेले. दिवस उगवला काय आणि मावळला काय, तिला सारखाच. अशा बाईला तो डबा म्हणजे आंधळ्याची काठीच झाला. ती त्याला ‘बाळा’ म्हणायची. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी त्याला हाक.

त्या दिवशी दुपारी तिनं शिंपिणीला आणि आणखी दोघी-तिघींना बोलावून घेतलं होतं, डबा ऐकवायला. सगळ्या भुईवर बसल्या. आक्कानं घसा खाकरून विचारलं, “बाळा, आज ऊन किती पडायचंय?” डब्याची कडी लाल झाली. डबा म्हणाला, “इंटरनेट सापडत नाही.” तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा शिंपीण म्हणाली, “आक्का, हा अगदी तुमच्या लेकावर गेलाय बघा. गरजेला सापडतच नाही!”

बाया पोट धरून हसल्या. हशा काही मोठा नव्हता, पण ज्याला दिसत नाही त्याला हसू दुप्पट ऐकू येतं.

“ही घरात असली की डबा बोलतो, आणि ही रानात गेली की मुका होतो!” आक्का मला सांगत होती. “म्हणजे जाताना ही काहीतरी कळ फिरवून जाते. सासूला करमणूक कशाला, मरू दे म्हातारी भिंतीकडं तोंड करून! असंच ना गं?”

सुनेनं भारा खाली टाकला नाही. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मला वाटलं आता ही फाडकन बोलेल, कारण ती काही गरीब गाय नव्हे. बाजारात तिच्याशी भाव करायला लोक घाबरतात. पण ती एवढंच म्हणाली, “चुकलं माझं, आत्याबाई. उद्यापासून नाही होणार.”

“ऐकलंत? कबूल झाली!” आक्का आत वळून बायांना म्हणाली. बायांनी एकमेकींकडं बघितलं. झालं. गावाला एवढं पुरतं.

संध्याकाळी सून दळण न्यायला आली. गिरणीत कुणी नव्हतं. मी म्हणाले, “बाई, तू कशाला कळ फिरवशील? खरं काय ते सांग.”

ती पिठाचा डबा दाबून भरत राहिली. मग म्हणाली, “वहिनी, तुमच्यापाशीच ठेवा. त्या डब्याला नेट लागतं. आमच्या घरात नेट कुठंय? ह्यांनी तो माझ्या फोनला जोडून दिलाय. माझा फोन घरात तर डब्याला वाचा. मी फोन घेऊन रानात गेले की डबा मुका.”

“मग सांग की तिला!”

“ह्यांनी बजावलंय, सांगू नको. आईला वाटेल पोरानं अर्धीच वस्तू आणली. वर्षाअखेरीला नेटची तार घेऊ म्हणाले, तोवर झाकून ने.” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “लेकाची अब्रू राहिली पाहिजे. सुनेची काय, ती धुऊन पुन्हा वापरता येते.”

“आणि उद्यापासून नाही होणार म्हणालीस, ते कसं?”

“फोन घरात ठेवणार. फळीवर, डाळीच्या डब्यामागं. आवाज बारीक करून.”

मी तिला म्हणाले, रानात बाईमाणसाजवळ फोन असावा. ती म्हणाली, आपल्या आया काय फोन घेऊन खुरपत होत्या? ती पिठाचा डबा कमरेवर घेऊन गेली.

त्यानंतर आक्काचा डबा दिवसभर बोलायला लागला. मधली भिंत एकच, मला सगळं ऐकू यायचं. आक्का त्याला विचारायची, पाऊस कधी, बाजारभाव काय, समुद्र केवढा खोल, देव आहे का. डबा सांगेल ते ऐकायची, आणि नाही सांगता आलं तर त्याचीच समजूत घालायची, “असू दे बाळा, सगळंच कुणाला येतं?” दिवसभरात सुनेच्या फोनचं सगळं नेट डबाच पिऊन टाकायचा. संध्याकाळी तिला नवऱ्याचं तोंडसुद्धा बघायला मिळायचं नाही. आणि आक्का मात्र पाणवठ्यावर, दुकानावर, येईल त्या माणसाला सांगत सुटली, “सरळ केली मी तिला. माझ्यासमोर कबूल झाली. आता बघा कसा खडाखडा बोलतो!” तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. शिंपीण तर सुनेला बघितलं की आपल्या लेकीला म्हणायची, “सासूचा दिवा विझवणाऱ्या बायका असतात हो.” सून ऐकायची आणि पुढं जायची.

उन्हाळा तापत गेला. पिकं निघाली होती, रानं ओस पडली होती. काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. दुपारी वावटळ उठली की पाचोळा गरगरत वर जायचा, तेवढीच काय ती हालचाल. गावातली माणसं उन्हाआधी घरी परतायची. सुनेला मात्र गाईला ओढ्याच्या कडेला न्यावंच लागे, कारण हिरवं म्हणावं असं तिथंच उरलं होतं.

त्या दिवशी दुपार कलली तरी ती आली नाही.

मी पट्टा बदलत होते. एवढ्यात भिंतीपलीकडून आक्काची हाक आली, “अगं गिरणीवाले, जरा ये गं! माझ्या घरात काहीतरी गुरगुरतंय.”

मी गेले. फळीवर डाळीच्या डब्यामागं फोन थरथरत होता. दूधवाल्याचा फोन. “वहिनी, आज दूध कुठंय? गाडी निघाली माझी.” मी म्हणाले, मी शेजारीण बोलतेय. आणि बोलता बोलताच ध्यानात आलं. गाय रानात, सून रानात, आणि फोन माझ्या हातात.

“कुणाचा फोन वाजला?” आक्कानं विचारलं.

“तुमच्या सुनेचा.”

“तो घरात कसा?”

मला सांगत बसायला वेळ नव्हता. फोन घेऊन मी धावत सुटले. वाटेत सुताराला हाक मारली, त्यानं आणखी दोघांना. ओढ्याकडं जाताना गाय समोरून एकटीच आली, दावं मागं फरफटत. कुत्र्यानं बुजवली असावी. आम्ही नावानं हाका मारत कडेकडेनं गेलो.

ती ओढ्याच्या तुटक्या काठाखाली पडली होती. गाईनं हिसका दिला आणि दाव्याचा पीळ मनगटाला बसलेला, सरळ खाली ओढली गेली. पाय गुडघ्याखाली भलतीकडं वळलेला. ओठ फुटून रक्त वाळलेलं. ओरडून ओरडून घसा गेला होता. मूठभर सावलीसाठी ती कोपरांवर सरपटत दगडापर्यंत आली होती, वाळूत तिचा माग दिसत होता. आम्हाला बघून तिनं आधी काय विचारावं?

“गाय सापडली का?”

सुतारानं फळी आणली, तिच्यावर घालून तिला घरी आणली, दवाखान्याची गाडी येईपर्यंत. आत शिरलो तर आक्का भिंतीतल्या डब्याच्या फळीखाली जमिनीवर बसलेली. डब्याची कडी लाल. ती काही त्याच्याशी बोलत नव्हती.

“तू फोन नेलास आणि याची वाचा गेली,” ती मला म्हणाली. आवाज अगदी बारीक. तिचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग तिनं चाचपत सुनेपाशी येऊन तिचं कपाळ शोधलं.

“तुझा फोन घरात असायचा?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“आणि मी गावभर... मला सांगितलं का नाहीस गं? लेकाची लाज राखायला?”

सुनेनं डोळे मिटले होते. वेदनेनं माणूस खोटं बोलायचं विसरतं. ती म्हणाली, “ते एक झालं. पण सांगितलं असतं तर तुम्ही डब्याशी बोलणं सोडलं असतं. मग दिवसभर माझ्याशी बोलला असतात. मला ते नको होतं, आत्याबाई.”

घरात आम्ही सहाजण होतो. सुतार उगाच दाराच्या बिजागरीकडं बघायला लागला. मी पाणी आणायला म्हणून उठले आणि भांडं कुठं आहे ते सापडेना.

आक्कानं कपाळावरचा हात काढला नाही. म्हणाली, “बरोबर आहे तुझं. माझ्या बोलण्याचा कुणालाही कंटाळा येईल.”

“तसं नव्हतं म्हणायचं मला,” सून म्हणाली. पण म्हणायचं तसंच होतं, आणि ते दोघींना ठाऊक होतं. एकीला केल्याची लाज, दुसरीला बोलल्याची.

पायाला प्लास्टर बसलं. मुलगा शहरातून फोनवर रडला, सुट्टी मिळत नाही म्हणाला. मग म्हणाला, “आई, तुझ्या सुनेलाही पडल्या पडल्या करमणूक म्हणून आणखी एक डबा पाठवू का?” आक्कानं फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, “याला काय सांगायचं ते तूच सांग. माझ्या तोंडून शिवी जाईल.”

बाजाराच्या आदल्या दिवशी माझ्या गिरणीत गर्दी असते. शिंपीण होती, पाणवठ्यावरच्या सगळ्या होत्या. आक्का भिंत धरत धरत आली, उंबऱ्यात उभी राहिली आणि मला म्हणाली, “पट्टा बंद कर.” मी केला. एकदम सगळं शांत झालं.

“माझ्या सुनेनं कळ फिरवली नव्हती,” ती म्हणाली. “घरात नेट नाही. माझ्या लेकाला ते घ्यायला जमलं नाही. ही आपला फोन ठेवून जायची म्हणून माझा डबा बोलायचा. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

शिंपीण म्हणाली, “जाऊ द्या आक्का, घरोघरी...”

“घरोघरी नसतं असलं,” आक्का म्हणाली, आणि वळून निघाली. वळताना तिचा खांदा चौकटीवर आपटला. दोघी धावल्या, तिनं त्यांचे हात झटकले. मी पट्टा चालू केला, कारण ती शांतता मला सोसवेना.

एवढ्यानं दोघींचं गूळपीठ झालं असं समजू नका. पाय जुळेस्तोवर सून खाटेवर आणि आक्का भुईवर, दोघीही गप्प. जेवलीस का, जेवले. दुखतंय का, थोडं. डबा फळीवर होता, पण आक्का त्याला हाक मारत नव्हती. एकदा सूनच म्हणाली, “विचारा की त्याला काहीतरी, फोन घरातच आहे.” आक्का म्हणाली, “मला काही विचारायचं नाही.”

प्लास्टर निघाल्यावर सून पहिल्यांदा लंगडत रानात गेली त्या दिवशी फोन तिच्या कमरेला होता. आक्कानंच चाचपून बघितला होता. दुपारी ती माझ्याकडं आली आणि नजर भलतीकडंच ठेवून म्हणाली, “तुझ्या फोनवरून तिला लावून देतेस?”

मी लावून दिला. तिनं तो दोन्ही हातांनी कानाला धरला.

“पोचलीस का?”

“पोचले, आत्याबाई.”

“गाय?”

“चरतेय.”

मग पलीकडून रानातला वारा फोनमध्ये भरभर वाजत होता, मला बाजूला बसून ऐकू येत होता. आक्कानं फोन ठेवला नाही, सुनेनंही ठेवला नाही. बऱ्याच वेळानं आक्का म्हणाली, “पायाला ऊन लागू देऊ नकोस.”

उन्हानं जुळलेल्या पायाला काय होतं? काही होत नाही. पण तिला दुसरं काही बोलता आलं नसावं.

“बरं,” सून म्हणाली.