चार खुंटांवरची दोरी

मी एक जुनी गवंड्याची दोरी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. आज माझा वीतभर तुकडा भिंतीवरच्या खिळ्याला लोंबतो आहे आणि बाकीची मी पत्र्याच्या डब्यात गंजक्या खिळ्यांच्या सोबतीला पडले आहे, म्हणून मला चिंधी समजू नका. तुमच्या घराच्या भिंती सरळ उभ्या आहेत ना? त्या विटांच्या अकलेने उभ्या नाहीत. विटेला अक्कल नसते. कुणीतरी माझ्यासारखीला आधी ताणले, म्हणून त्या उभ्या आहेत.

मला तीन पदर पिळून वळले. पीळ पडताना जीव नकोसा होतो, पण पीळ नसता तर एवढी वर्षे ताण सोसला असता कोणी? गवंड्याने मला दुकानातच दोन हातांत ताणून अंगठ्याने छेडले. कान लावून ऐकले आणि म्हणाला, "ही खोटं बोलणार नाही." तेव्हापासून मी त्याची. शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या, किती भिंती माझ्या अंगावरून वर गेल्या, मोजल्या नाहीत. लोक भिंतीचे कौतुक करायचे. माझे कोणी केले नाही. फक्त गवंडी संध्याकाळी माझ्या अंगावरचे सिमेंट नखाने खरवडून काढायचा. मला तेवढे पुरे होते.

त्याचे दोन नेम होते. पहिला, दोरी कधी कापायची नाही. त्याची गाठच अशी, की मोकळे टोक ओढले की एका झटक्यात सुटावी. कोणी सुरी काढली तर तो खेकसायचा, "गवंडी आहेस की खाटीक?" दुसरा नेम असा, की बांधलेले काम एक रात्र तसेच राहू द्यायचे. सकाळच्या उजेडात पुन्हा एक डोळा मिटून पाहायचे, मगच पक्के करायचे. तोवर दोरी जागची हलवायची नाही. दोरी ताणलेली आहे म्हणजे काम बाकी आहे, हे त्याच्या घरात सगळ्यांना पाठ होते.

सगळ्यांना म्हणजे तिघांना. तो, त्याची बायको आणि लेक. लेक सात वर्षांची असल्यापासून माझे दुसरे टोक धरायची. बापाची गाठ ती एका हाताने सोडायची आणि दुसऱ्या हाताने पेरू खायची. बायकोने मला कधी हात लावला नाही. "तुमची ती सटवी दोरी उचला आधी," एवढाच आमचा संबंध.

लेक मोठी होऊन दवाखान्यात नर्स झाली. तिने एक जुनी गाडी घेतली. गाडी डावीकडे ओढायची. टायर आतल्या कडेने झिजून गुळगुळीत झाले होते. रोज स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरून तिचा खांदा भरून यायचा. गॅरेजवाल्याने दोनदा चाके सरळ करून दिली, पण गाडीची खोड काही गेली नाही.

"आण इकडं," गवंडी म्हणाला. "माझी दोरी बघेल."

"बाबा, गाडी आहे ती, भिंत नाही."

"भिंत बरी. एकदा उभी केली की पळत तरी नाही."

तिच्या सुट्टीच्या दिवशी त्याने घरामागे गाडी लावली. जमीन सपाट आहे का, ते पाण्याची नळी धरून पाहिले. स्टिअरिंग सरळ ठेवून फडक्याने सीटला बांधले. चार लोखंडी खुंट ठोकले आणि मला चाकाच्या मध्याच्या उंचीवर गाडीभोवती ताणले. मग माझ्यापासून चाकाच्या पुढच्या कडेचे अंतर मोजले, मग मागच्या कडेचे. पुढची चाके बाहेर फाकली होती. चाक स्टिअरिंगला जोडणारी एक लोखंडी दांडी असते. ती फिरवली की चाक आत-बाहेर होते, आणि ती पुन्हा फिरू नये म्हणून तिच्यावर एक नट घट्ट आवळायचा असतो. दिवसभर तो गाडीखाली पालथा-उताणा होत राहिला. लेक पट्टी धरून आकडे सांगत होती. उन्हे उतरता चाके सुतासारखी सरळ झाली.

स्टिअरिंगचे फडके त्याने सोडले. नट मात्र नुसते हाताने बसवले.

"आवळा ना," लेक म्हणाली.

"रात्रभर राहू दे. सकाळी पुन्हा बघतो, मग आवळतो. तोवर गाडीला हात लावायचा नाही."

"दोरी आहे ना. मला काय नवीन आहे का?"

मित्रांनो, भिंतीचा नेम त्याने गाडीला लावला. भिंत रात्रीत कुठे जात नाही. गाडी जाते.

सकाळी गवंडी अंघोळीला गेला. बायको ओल्या चादरींची बादली घेऊन मागे आली. कपडे वाळत घालायची तार गाडीने अडवली होती. "गाडीला कुंपण घातलंय! माणसानं पाय कुठं टाकायचा?" असे पुटपुटत ती माझी गाठ सोडायला लागली. तिला ती सुटेना. तिने घरातून भाजीची सुरी आणली आणि मला कापले. मग मला दोन झाडांना बांधून माझ्यावर चादरी टाकल्या.

तेवढ्यात लेक धावत बाहेर आली. दवाखान्यातून फोन आला होता, ड्यूटीवरची नर्स आजारी पडली होती, लगेच बोलावले होते. तिने चाकांभोवतीची मोकळी जागा पाहिली.

"आई, बाबांचं झालं वाटतं. दोरी काढली ना?"

आईच्या तोंडात कपड्यांचे दोन चिमटे होते. न वळता तिने "हूं" केले.

"येते गं."

"हूं."

न्हाणीघरात पाणी पडत होते. गाडीचा आवाज गवंड्याला ऐकू गेला नाही.

तो ओल्या केसांनी बाहेर आला. "अगं, गाडी कुठंय?"

"फोन आला, पोर घेऊन गेली."

"आणि दोरी कुणी काढली?"

बायकोने माझ्याकडे पाहिले. ओरडा नको म्हणून ती पटकन म्हणाली, "सुटलेलीच होती. तिनंच सोडली असेल."

तेव्हा तिला पुढचे काही ठाऊक नव्हते. एवढे मी तिच्या बाजूने सांगते. याहून जास्त नाही.

गवंडी अनवाणी रस्त्याकडे पळाला. पण पुलापलीकडच्या वळणावर नट तोवर मोकळा झाला होता, दांडी फिरत फिरत झिजल्या आट्यांतून निसटली होती आणि एक चाक आडवे झाले होते. लेक तिच्याच दवाखान्यात तिच्याच मैत्रिणींच्या हातांत गेली.

गवंड्याने काम सोडले. दुःख तर होतेच, पण त्याच्या पोटात राग होता. "नेम ठाऊक होता तिला," तो भिंतीला सांगायचा. "मग का सोडली? माझं ऐकलं का नाही?" लेकीचा फोटो लावला, त्याच्याकडे त्याने पाठ केली. बायको ते रोज बघायची. एरवी तिच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. याबाबतीत ती गप्प राहिली.

अकरा महिन्यांनी तो खुंट उपटायला गेला. पहिल्या खुंटाशी गवत माजले होते. गवताखाली त्याचीच गाठ होती, जशीच्या तशी. तिच्यापुढे माझे कापलेले टोक.

तो तिथेच बसला. बायको बादली घेऊन आली आणि थबकली.

"पोरीला माझी गाठ येत होती," तो म्हणाला. "सातव्या वर्षापासून. एका हातानं सोडायची."

बादली तिच्या हातातच राहिली. ती म्हणाली, "चादरी ओल्या होत्या हो."

तो गाठ खुंटावरून अलगद काढून आत गेला आणि लेकीच्या फोटोखालच्या खिळ्याला अडकवली. मग फोटोसमोर तोंड करून बसला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.

तो माझा वीतभर तुकडा. गाठ अजून सुटलेली नाही. बायको रोज तिथली धूळ पुसते, गाठीला हात न लावता.

मित्रांनो, आमची कदर करा, असे मी म्हणत नाही. आमचे दिवस गेले. पण कुठे दोरी ताणलेली दिसली, तर ती कोणी आणि कशासाठी बांधली हे विचारल्याशिवाय सोडू नका. आणि तुम्हाला कोणी काही विचारले, तर तोंडातले चिमटे काढा, मान वळवा आणि मग उत्तर द्या.