चहाबरोबर मीटर

थंडी सुरू होताना वीज कार्यालयातून एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही.

पत्र सभ्य होतं, हे आधीच सांगायला हवं; नाहीतर वाटेल की त्यात धमकी होती. उलट ते आमच्या सोयीचंच होतं. सरकारने नवा नियम केला होता. ज्या घरात आजारी माणसाचा जीव विजेच्या यंत्रावर अवलंबून आहे, तिथे त्या यंत्राला लागणारी वीज सगळ्यात खालच्या दराने धरायची आणि बिल थकलं तरी पुरवठा तोडायचा नाही. त्यासाठी पत्राच्या खालच्या भागात उत्तरं लिहून, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून परत पाठवायचं. ज्या महिन्यात उत्तर पोचेल, त्या महिन्यापासून सवलत लागू.

प्रश्न तीनच होते. यंत्र कोणतं? कोणासाठी? रोज किती तास चालतं?

मी तिसऱ्या प्रश्नाशी अडलो. डॉक्टर म्हणाले होते, "जवळजवळ दिवसभर." हे "जवळजवळ" तासांच्या रकान्यात कसं लिहायचं? जास्त लिहिलं आणि कोणी तपासायला आलं तर? जिन्याखालची जुनी वायरिंग बघून म्हणेल, एवढा भार तुम्हाला मंजूरच नाही, आधी हे यंत्र बंद करा. कमी लिहिलं आणि नंतर तेच धरून बसले तर? मी आयुष्यभर एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. ज्या नोंदीची खात्री नाही ती बाजूला ठेवायची, ही तिथली शिस्त माझ्या हाडात मुरलेली. ते पत्रही मी तसंच शब्दकोशात घालून बाजूला ठेवलं.

यंत्र ताईचं होतं. ताई माझी थोरली बहीण. तिचं लग्न झालं, संसार झाला, तो आटोपलाही. माझं यातलं काहीच झालं नाही, म्हणून अखेर ती माझ्याकडे राहायला आली. तरुणपणी तिने सूतगिरणीत काम केलं होतं. तिथली कापसाची धूळ म्हातारपणी तिच्या छातीत जागी झाली, आणि डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र आणायला लावलं. ते घरी आलं त्याच दिवशी ताईने त्याचं नाव जावई ठेवलं.

"कोपऱ्यात बसतो, घुरघुरतो, खातो भरपूर, आणि बोलायची काही सोय नाही," ती म्हणाली. "जावई नाही तर कोण?"

जावई खरंच भरपूर खात होता. आमच्याकडे वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. खालच्या टप्प्यात परवडते. तो ओलांडला की वरच्या प्रत्येक युनिटला दुप्पट दर. ऐपतवाल्यांनी उधळपट्टी करू नये म्हणून घातलेली ती पायरी. जावयाला सोबत घेऊन आम्ही दोघं पेन्शनवाले तिच्यावर जाऊन उभे राहिलो होतो.

मला रकमेपेक्षा मीटरची जास्त भीती वाटे. पूर्वी वीज तोडायला माणूस यायचा, खांद्यावर शिडी घेऊन. त्याला पाणी विचारता यायचं, गयावया करता यायची. नव्या मीटरला माणूस लागत नाही. कार्यालयात बसल्या बसल्या कोणी कळ दाबली की तुमच्या घरात अंधार. त्या माणसाला कोपऱ्यातला जावई दिसत नाही, ताईच्या नाकातली नळी दिसत नाही.

म्हणून आम्ही काटकसर सुरू केली. फ्रिज बंद. हीटर फक्त ताईच्या खोलीत, तोही संध्याकाळी. दारखिडक्यांच्या फटींत मी जुन्या कागदांचे बोळे कोंबले. दुपारभर ग्रंथालयात जाऊन बसू लागलो; तिथली ऊब फुकट होती. आणि वर्तमानपत्र बंद केलं.

याचं मात्र वाईट वाटलं. रोज सकाळी चहा पिताना मी ताईला पेपर वाचून दाखवत असे आणि ती प्रत्येक बातमीला काहीतरी शेरा मारत असे. पेपर गेला आणि चहा मुका झाला. काहीतरी वाचायला हवं, म्हणून मी जिन्याखाली जाऊन मीटर पाहून येऊ लागलो आणि चहाबरोबर तिला सांगू लागलो. काल आकडा कुठे होता, आज कुठे आहे, टप्पा किती दूर राहिला. ती पेपरइतक्याच मन लावून ऐके. मला बरं वाटे.

आमच्या खाली एक शिंपीणबाई राहतात. गळ्यात कायम टेप आणि तोंडात टाचण्या. पण टाचण्यांमुळे त्यांचं बोलणं अडलेलं मी कधी पाहिलं नाही. एका सकाळी त्यांनी मला मीटरपाशी गाठलं.

"काका, पत्राला उत्तर दिलंत का?"

"देतोय."

"देतोय म्हणजे? अहो, त्या दरांच्या सुनावणीला मी दुकान बंद ठेवून गेले होते. माझ्या इस्त्रीला काही मिळालं नाही. ती तापायच्या आधी माझं डोकं तापतं, असं सांगून पाहिलं, तर साहेब नुसते हसले. पण ताईंचं सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. माझ्यासारख्या आणखी बऱ्याच जणी उठून बोलल्या, तेव्हा कुठे हा नियम झाला. आणि तुमच्याने दोन ओळी लिहवत नाहीत."

"नीट विचार करून लिहितोय."

"सरकारने एकदाचं दार उघडलं, तर तुम्ही आतून कडी लावून बसलात." त्यांनी तोंडातली एक टाचणी काढून बाहीला टोचली. "तुमच्या सहीऐवजी माझा अंगठा चालत असता ना, तर मी कधीच उठवून आले असते."

मी मान खाली घालून वर आलो. त्या दिवशी पत्र बाहेर काढलंही. तिसरा प्रश्न वाचला आणि परत ठेवलं.

मग एक चमत्कार झाला. मीटरचा आकडा हळू सरकू लागला. आधी मला खरं वाटलं नाही, पण रोज सकाळी तेच दिसे.

"ताई, या महिन्यात आपण टप्पा ओलांडत नाही बहुतेक."

"मग? तुझे बोळे कामाला आले," ताई म्हणाली. "उगाच नाही तुला लहानपणापासून पुस्तकातला किडा म्हणत. कागदाचं तुलाच कळतं."

मी दोन चमचे साखर घातली. पत्राची घाई आता राहिली नाही, असंही मनाशी म्हटलं.

पण त्याच दिवसांत घरात एक भीती येऊन बसली. ती कशाची ते मला कळत नव्हतं. ताई हात शालीबाहेर काढेनाशी झाली. पलंगापासून मोरीपर्यंत जाताना ती वाटेतल्या खुर्चीला धरून उभी राही आणि भिंतीवर काही पाहत असल्यासारखं दाखवी. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, यंत्र पूर्ण वेळ लावता ना? ती म्हणाली, "ह्याला विचारा ना, घरात दुसरा आवाजच नाही." आणि ते खरंच होतं. मी घरी असलो की जावई कधी गप्प नसे. घुर्र आणि टक्, घुर्र आणि टक्. त्या आवाजावर विसंबून मी पुस्तक उघडत असे.

त्या दुपारी ग्रंथालयाच्या दारावर पाटी होती. विजेचा खर्च झेपत नसल्यामुळे वाचनकक्ष यापुढे दुपारी बंद राहील. मी क्षणभर पाटीसमोर उभा राहिलो आणि घराकडे वळलो.

जिन्याच्या पहिल्या वळणावरच जावयाचा आवाज येतो. आला नाही.

वाटलं, वीज गेली असेल. पण खाली शिंपीणबाईंची मशीन चालू होती. म्हणजे फक्त आमची गेली. कोणीतरी कळ दाबली. मी उलटा खाली धावलो, मीटरसमोर वाकलो. त्याचा बारीक लाल दिवा लुकलुकत होता. वीज होती. आता दोनच शक्यता उरल्या: एक तर यंत्र बिघडलं असेल, आणि दुसरी मला मनातही आणायची नव्हती. जिना कसा चढलो आठवत नाही. किल्ली कुलपात जाईना.

ताई खुर्चीत होती. अंगात कोट, त्यावर शाल, डोळे मिटलेले. नळी खुर्चीच्या हातावर नीट गुंडाळून ठेवलेली. ओठ निळसर, शाई धुतल्यावर बोटांवर उरते तसे. खोलीत इतकी शांतता होती की मला माझाच श्वास चोरीचा वाटला.

"ताई."

मी तिच्या खांद्याला हात लावला.

"ताई."

"आज लवकर?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

मी बटण दाबलं. जावई शिट्टी मारून जागा झाला. नळी तिनेच नाकात बसवली. मी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि त्यावरचा आकडा पाहत गुडघ्यांवर बसून राहिलो. तो वर चढायला फार वेळ घेत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादा आकडा भराभर वाढायला हवा होता.

"कधीपासून चाललंय हे?"

तिने थांब अशी खूण केली. दम आल्यावर म्हणाली, "तू मीटर वाचून दाखवायला लागलास तेव्हापासून. आधी थोडं थोडं."

"का पण?"

"आकडा सांगताना तुझा आवाज कसा होतो, तुला ऐकू येत नाही किड्या. वाढला की कप हातात तसाच धरून बसतोस, चहा गार होईपर्यंत. कमी झाला की जास्त साखर घालतोस."

"अगं, जीव गेला असता तुझा."

"जावयाला दुपारची वामकुक्षी देत होते, एवढंच. आणि मी हलत नव्हते. न हलणाऱ्या माणसाला हवा कमी लागते."

"कोणी सांगितलं?"

"मीच ठरवलं."

बोळ्यांचा काही उपयोग झाला नव्हता. टप्प्याच्या खाली आम्हाला ताईच्या श्वासाने ठेवलं होतं, आणि मी तो रोज सकाळी तिलाच वाचून दाखवत होतो.

मी दारात जाऊन खाली हाक मारली. शिंपीणबाई टाचण्यांसकट वर आल्या. ताईकडे पाहून त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढून बाहीला टोचल्या.

"बाई, जरा हिच्याजवळ बसता? मला पत्र लिहायचंय."

"बसते. लिहा तुम्ही. महिना संपत आलाय."

शब्दकोशातून पत्र काढलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहिली. तिसऱ्यापाशी पेन थांबलं.

"ताई, किती तास लिहू?"

"मला काय विचारतोस? मीटर तुझा."

मग मी जे खरं होतं ते लिहिलं. मी घरी असतो तेवढेच तास. डॉक्टरांनी जवळजवळ दिवसभर सांगितलं आहे, पण बिलाच्या भीतीने यंत्र दुपारी बंद राहत होतं. आजपासून ते दिवसभर चालेल. घरातली वायरिंग जुनी आहे. कोणी तपासायला आलं तर दार उघडं आहे.

परत वाचलं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, पाकीट चिकटवलं आणि निघालो. जिन्याच्या वळणावर थांबून ऐकलं. घुर्र, टक्. रस्त्यावर आल्यावरही ऐकत होतो. कोपऱ्याच्या अलीकडे आवाज येईनासा झाला, तेव्हा परत फिरावंसं वाटलं. ते कमी धरतील का? आधी कुणी तपासायला येईल की आधी बिल? कळ दाबणाऱ्या माणसापर्यंत हे पाकीट वेळेत पोचेल का?

टपालपेटीच्या फटीत हात घातला आणि पाकीट सोडलं. पेटी रिकामी असली की पत्र तळाशी आपटल्याचा आवाज येतो. आवाज आला नाही. आत आधीच बरीच पत्रं पडलेली असावीत.