पान चौदावरची कमिटी

स्टेनोला एकोणीस वर्षांत कुणाचा हेवा वाटला नव्हता, कारण हेवा वाटावा असं कुणी समोर आलंच नव्हतं. न्यायमूर्ती बोलत आणि याची बोटं चालत. चूक काढून दाखवा, अशी त्याची ऐट.

मग लिफ्ट बनवणारी एक कंपनी बुडाली. बुडाली परदेशात, पण तिची गोदामं इकडे. तिकडच्या न्यायालयात दिवाळखोरीचं काम सुरू झालं आणि त्या कामाला इकडे मान्यता द्यायची का, हा प्रश्न याच्या साहेबांपुढे आला. दोन्ही न्यायमूर्ती पडद्यावरून एकत्र सुनावणी घेऊ लागले. साहेब उठताबसता 'कमिटी, कमिटी' म्हणत. कुठली कमिटी, हे स्टेनोनं कधी विचारलं नाही. माहीत नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

तिकडच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक बाई टाइप करताना दिसे. नुसता खांदा आणि करडी वेणी. सुनावणी संपून चहा येईपर्यंत तिचा उतारा हजर.

"बघा, याला म्हणतात काम," साहेब म्हणाले. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा याच्या पोटात दुखलं.

"काय म्हणते तुमची सवत?" घरी बायको विचारी.

"सवत कसली! नुसती घाई आहे तिची. अति घाई संकटात नेई, बघशील तू."

"मग काढा की चूक. जेवताना तरी तिला ताटावरून उठवा!"

शेवटी साहेबांनी ठरवलं, यापुढे अधिकृत उतारा एकाचाच. दोघांनी एकमेकांच्या कच्च्या प्रती तपासायच्या, शुक्रवारी चारला निर्णय.

शुक्रवारी स्टेनो डोळ्यांत तेल घालून बसला आणि पान नऊवर त्याला घबाड सापडलं. सात गोदामांची बाईनं सतरा केली होती! इतका आनंद झाला की त्याची त्यालाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्यानं टिपण लिहिलं, 'अशा उताऱ्यावर विसंबणं धोक्याचं' हे वाक्य पदरचं घातलं, कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि एक प्रत तिकडच्या न्यायालयाला धाडली.

मग निवांतपणे मेल उघडला. तिचं पत्र सकाळपासून येऊन पडलं होतं.

'नमस्कार. पान चौदावर तुमच्याकडून "कमिटी" पडलंय, अकरा वेळा. साहेबांचा शब्द "कॉमिटी" आहे. एका न्यायालयानं दुसऱ्याचा मान राखायचा, तो. बोलतात भराभर, कुणाचंही होईल. मी कुणाला सांगितलेलं नाही. चारच्या आत दुरुस्त पान पाठवा, मी जुनं काढून ठेवते.'

त्यानं पान काढलं. अकरा कमिट्या त्याच्याकडे बघत होत्या. तो धावतच साहेबांच्या खोलीत गेला, तर टिपण त्यांच्या हातात होतं.

"शाब्बास!" साहेबांनी पाठीवर थाप मारली. एकोणीस वर्षांतली पहिली. "उतारा तुमचाच. चारला तसं कळवतो त्यांना."

त्यानं पान चौदा घडी घालून खिशात टाकलं. तो जागेवर परतला, तर तिचं आणखी एक पत्र आलं होतं.

'टिपण मिळालं. सतरा चुकलंच माझं. पण तुमचं पान चौदा अजून आलं नाही. पंधराच मिनिटं उरलीत.'

आणि आता मात्र त्याला तिचा खराखुरा हेवा वाटला.