अवधूत सरांचं रक्त

यशवंतपूरच्या त्या प्रयोगशाळेत मलेरियाचा परजीवी पाळायचा म्हणजे त्याला माणसाचं ताजं रक्त पाजावं लागे. त्या लाडोबाला दुसरं काही चालतच नाही! म्हणून कामावरची मंडळी पाळीपाळीने बाही वर करत. या खेपेला प्रमुखांनी, म्हणजे अवधूत सरांनी, स्वतः रक्त दिलं. त्याचा फोटोही काढून घेतला.

आणि नेमकी याच खेपेला तिथल्या संशोधक नीलिमाच्या औषधाने कमाल केली. परजीवीचं एक एन्झाइम बंद पाडून त्याला उपाशी मारायचं, यासाठी तिने वर्षानुवर्षं हाडाची काडं केली होती. परजीवी वाढवायच्या काचेच्या बशीत एकही जिवंत उरला नाही. सरांनी मैसूरपाक वाटला. सोमवारी औषध कंपनीचे पाहुणे यायचे होते.

पण एक बशी नीलिमाला स्वस्थ बसू देईना. तिच्यात औषध घातलंच नव्हतं, तरी तिच्यातलेही सगळे मेले होते.

"खराब झाली असेल. वगळून टाक," सर म्हणाले.

"सर, तुम्ही नुकतेच आफ्रिकेहून आलात. मलेरियाच्या गोळ्या चालू होत्या ना?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. गोळ्या चालूच होत्या, आणि रक्तही त्याच अंगातलं. उभा जन्म मलेरियात घालवलेल्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये, म्हणजे कमालच झाली!

"हे आपल्यातच राहू दे," ते हळूच म्हणाले. "नाव तुझंच होणार आहे."

नीलिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोबत काम करणारा निपाणीचा चंदन तिला समजावू लागला, "अक्का, स्वल्प सबूर कर की. पाहुणे जाऊ देत, मग बघू."

"उद्या हे औषध तापाने फणफणलेल्या पोराला देतील, चंदन. तेव्हा त्याच्यासाठी सरांचं रक्त कुठून आणू?" तिने बाही वर केली. "माझं घे. प्रयोग पुन्हा लावू."

सोमवारी सकाळी तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. औषधाच्या आणि बिनऔषधाच्या, दोन्ही बशांत परजीवी मजेत होते. ती तिथेच रडली. मग तोंड धुऊन थेट बैठकीत गेली.

दारात सरांनी अडवलं. "हे दाखवलंस तर प्रकल्प बंद पडेल."

"पडू दे."

तिने सगळं दाखवलं, सरांच्या गोळ्यांसकट. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "मग तुमच्याकडे दाखवण्यासारखं आहे तरी काय?"

"जिवंत परजीवी," नीलिमा म्हणाली. "तो खरोखर मरेपर्यंत मी इथून हलणार नाही. हाकलायचं असेल तर आत्ताच सांगा."