व्हॉइसच्या दोन खुर्च्या

"ते प्रकरण आज नको," वसुमतीबाईंनी पुस्तकावर हात ठेवला. "आज आर्टिकल्स करू. स्वल्प कच्चेच आहेत तुझे."

"मागच्या शुक्रवारी पण तेच झाले की ओ, अक्का."

"मग आज चुकणार नाहीस. सरी, चल, वही काढ."

धनलक्ष्मीने मुकाट्याने वही काढली. चाळिशीची बाई, निपाणीकडची, बंगळूरला कोरमंगलातल्या एका कंपनीत साफसफाईच्या कामाला. पहाटे सहाची ड्यूटी दोनला संपवायची आणि दोन बस बदलून मंगळवारी नि शुक्रवारी चारच्या ठोक्याला बनशंकरीतल्या या घराचं फाटक उघडायचं, असा तिचा नेम होता.

पाच महिन्यांपूर्वी, पहिल्याच दिवशी, तिने मोबाइलवर सुपरवायझरच्या रिपोर्टचा फोटो दाखवला होता. सेकंड फ्लोअर वॉज मॉप्ड. डस्टबिन्स वेअर एम्टीड. "एवढं लिहायला आलं की मला सुपरवायझर करतो म्हणालेत. परीक्षा घेणार. एवढं शिकवा, अक्का."

हे एवढं म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस. छत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेल्या बाईंना त्याला दोन आठवडे पुष्कळ झाले असते. पण पाया पक्का हवा म्हणून बाईंनी अक्षराच्या वळणापासून सुरुवात केली, आणि पाया असा पक्का केला की त्यावर चार मजले चढले असते. पुस्तकातली तेरा प्रकरणं दोनदा झाली. राहिलं होतं ते चौदावं, व्हॉइसचं. त्याच्यापुढे नुसती उत्तरांची पानं होती.

कारण साधं होतं, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. व्हॉइस आला की धनलक्ष्मी यायची थांबणार.

ती थांबली की या घरात यायला दुसरं कोणी नव्हतं. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा श्रीवत्स याच शहरात, पण देवनहळ्ळीच्या विमानतळाजवळच्या नव्या वसाहतीत राहायचा. तिथून बनशंकरीला येईपर्यंत विमानाने दिल्ली गाठता येते, असं तो म्हणायचा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच सांगायला फोन करायचा. गल्लीतली मुलं ग्रामर मोबाइलवर शिकत होती. फाटकावरची ट्यूशनची पाटी बाईंनी काढली नव्हती, इतकंच.

आणखी एक लबाडी होती. बंगळूरच्या घरांतून कॉफीचं डिकॉक्शन, म्हणजे गडद अर्क, सकाळीच पाडून ठेवतात. बाईसुद्धा ठेवायच्या, पण मंगळवारी नि शुक्रवारी नाही. त्या दोन दिवशी धनलक्ष्मीची वही मिटल्यावर मग फिल्टरमध्ये गरम पाणी ओतलं जाई. थेंब थेंब करत डिकॉक्शन उतरायला पाऊण तास तरी लागे, आणि कॉफी न घेता कोणाला सोडायचं नाही हा घरचा रिवाज. त्यामुळे तेवढा वेळ तिला बसावंच लागायचं. मग ती निपाणीच्या भावजयीचं सांगायची, बाई शाळेतल्या मुलींचं सांगायच्या.

आजही तसंच झालं. कॉफी संपवून धनलक्ष्मी उठली.

"येतो, अक्का."

तिच्या गावाकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात. बाईंना आधी त्याचं हसू यायचं. आता तो शब्द ऐकल्याशिवाय मंगळवार संपल्यासारखा वाटत नसे.

त्या शुक्रवारी ती आली नाही. बाई त्यांच्या वेताच्या खुर्चीत बसून राहिल्या. ती खुर्ची फाटकाकडे तोंड करून होती. समोरची, विद्यार्थ्याची, फाटकाकडे पाठ करून. विद्यार्थ्याचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून ही मांडणी, असं त्या सांगायच्या. फोन करावा असं त्यांच्या चारदा मनात आलं, पण शिकवणाऱ्या बाईनेच स्वतःहून फोन केला तर कसं दिसेल म्हणून त्यांनी केला नाही.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. धनलक्ष्मी आली ती खुर्चीत न बसता उभीच राहिली.

"परीक्षा झाली, अक्का. महिनाअखेरची होती, ती शुक्रवारी अचानक घेतले."

"मग?"

"दिवसभराचा रिपोर्ट लिही म्हणाले. मी लिहिलो. आय क्लीन्ड द फ्लोअर, आय क्लीन्ड द ग्लास, आय वॉश्ड द कप्स. पानभर आय आय आय." तिने हसायचा प्रयत्न केला. "ऑफिसातली हर्षिता मॅडम वाचून हसली. म्हणाली, बाकीच्या नऊ बायका काय झोपल्या होत्या काय? सगळ्यांसमोर म्हणाली. मॅनेजर दयानंद सर चांगले आहेत, उद्या परत एकदा बस म्हणालेत. पण मी नाही म्हणून सांगणार. तुम्ही पाच महिने डोकं फोडलात माझ्यापाठी. माझ्या डोक्यातच काय नाही बघा."

बाईंना आपल्याच घरात कुठे बघावं ते कळेना. छत्तीस वर्षांत किती मुली नापास झाल्या असतील, पण एकीलाही त्यांनी मुद्दाम नापास केलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"बस," त्या म्हणाल्या. "तुझ्या डोक्यात सगळं आहे. मीच ते शिकवलं नाही."

"शिकवणार होताच की ओ तुम्ही."

"नव्हते. पहिल्या महिन्यातच शिकवता आलं असतं. शिकलीस की जाशील, म्हणून मी पुढे ढकलत गेले." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "कॉफीसुद्धा उशिरा करायची, तू बसावंस म्हणून."

धनलक्ष्मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला सांगितलं असतं, तर मी असाही आलो असतो."

ती रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या आत गेल्या आणि सकाळचं पाडून ठेवलेलं डिकॉक्शन घेऊन पाच मिनिटांत दोन पेले कॉफी करून आल्या.

"पी, आणि ऊठ. उद्या तू परीक्षेला बसणार आहेस."

मग त्यांनी ते केलं, जे शाळेत दर वर्षी करायच्या. मुली त्यांना खुर्चीवाल्या मिस म्हणायच्या त्या याच धड्यामुळे. दोन खुर्च्या समोरासमोर. एका खुर्चीत काम करणारा, दुसऱ्या खुर्चीत ज्याच्यावर काम होतं तो. धनलक्ष्मीच्या हातात फडकं दिलं, स्वतः टेबल झाल्या.

"धनलक्ष्मी क्लीन्ड द टेबल. आता जागा बदल. टेबल पुढे येणार, तू मागे जाणार."

दोघी उठल्या, एकमेकींना वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसल्या.

"द टेबल वॉज क्लीन्ड... बाय धनलक्ष्मी," ती अडखळत म्हणाली.

"बरोबर. आता रिपोर्टात ते बाय धनलक्ष्मी नाही लिहिलं तरी चालतं."

"नाव गेलं तर काम कोण केलं ते कळणार कसं?"

"कळत नाही. पण फरशी स्वच्छ दिसते."

तिला हसू आलं. मग कप धुतले गेले, काचा पुसल्या गेल्या, डबे रिकामे झाले, आणि प्रत्येक वेळी दोघी उठून जागा बदलत राहिल्या. बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले तरी त्या थांबल्या नाहीत. दीड तासाने धनलक्ष्मीने पानभर रिपोर्ट लिहिला, त्यात एकही चूक नव्हती. पाच महिने जे लांबवलं ते सगळं दीड तासाचं होतं.

"येतो, अक्का," फाटकापाशी ती म्हणाली, आणि आज पहिल्यांदाच वाकून पाया पडली.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. पास झाली होती. मागे कोणीतरी तिला मॅडम म्हणून हाक मारत होतं. "पण आता शिफ्ट एकची झाली, रात्री नऊपर्यंत. रविवार पण फिरता आहे. येतो की ओ कधीतरी, नक्की येतो."

"ये," बाई म्हणाल्या. "आधी काम नीट सांभाळ."

चार वाजले. डिकॉक्शन सकाळीच पाडून ठेवलं होतं, त्याची कॉफी करून बाई बाहेरच्या खोलीत आल्या. आपल्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि समोरच्या, विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसल्या. इथून फाटक दिसत नसे, भिंत दिसायची, कॅलेंडर दिसायचं. पेला अर्धा झाला असेल, तेव्हा मागे फाटकाची कडी वाजली. कोणीतरी जाहिरातीचा कागद खोचून गेलं असणार. बाईंनी मान वळवली नाही, कॉफी गरम होती तोवर संपवली.